सुलैबियाचं पाणी आणि मिश्रिफचे पंप

एकाच शहराच्या सांडपाण्याच्या या दोन घटना आहेत आणि त्यांच्यात जेमतेम चार वर्षांचं अंतर आहे. २००५ च्या सुमारास कुवेत शहराबाहेर सुलैबिया इथं एक प्रक्रिया केंद्र पूर्ण जोमानं चालू झालं. शहराचं मैलापाणी घ्यायचं, अल्ट्राफिल्ट्रेशन (अतिसूक्ष्म छिद्रांची गाळणी) आणि आरओ (दाबानं पाणी पडद्यापलीकडं ढकलून मीठ अलीकडं ठेवणारी ‘रिव्हर्स ऑस्मोसिस’ पद्धत) अशा दोन चाळण्यांतून काढायचं आणि पिण्याच्या निकषांतही बसेल असं पाणी बाहेर द्यायचं, हे इतक्या मोठ्या प्रमाणावर करणारं केंद्र तेव्हा जगात दुसरं नव्हतं. त्यानंतर ऑगस्ट २००९ मध्ये त्याच शहराच्या आग्नेयेला असलेल्या मिश्रिफ उपनगरातलं पंपिंग स्टेशन बंद पडलं आणि रोज लाखाहून अधिक घनमीटर कच्चं मैलापाणी थेट समुद्रात जाऊ लागलं. ते एका-दोन दिवसांत थांबलं नाही. महिनोन्‌महिने चालू राहिलं.

सुलैबियावर अभियंत्यांनी भरपूर लिहिलंय. पुनर्वापराचा विषय निघाला की हे नाव येतंच. मिश्रिफचा उल्लेख झालाच तर ‘अपघात’ म्हणून होतो, तोही वेगळ्या पानावर. मला ही दोन पानं एकत्र वाचावीशी वाटतात. सांडपाण्याचा पुनर्वापर मोरीतून सुरू होतो आणि शेतातल्या नळीत संपतो. केंद्र हा त्यातला मधला टप्पा. कुवेतनं मधला टप्पा अव्वल बांधला. अलीकडचा आणि पलीकडचा मात्र तितक्या मनापासून बांधला नाही. या प्रकरणात शिकण्यासारखं जे आहे ते बहुतेक तिथंच आहे.

नळाला समुद्र, बागेला खारं पाणी

कुवेतला नदी नाही, तळं नाही. वर्षाचा सरासरी पाऊस ११०-१२० मिलिमीटर, तोही थंडीच्या महिन्यांत तुटक तुटक पडणारा. तेलाचे दिवस येण्याआधी शेजारच्या इराकमधल्या शत्त अल-अरब नदीचं गोडं पाणी गलबतांत भरून आणायचे आणि ते शहरात विकलं जायचं. १९५३ साली शुवैख इथं समुद्राचं पाणी गोडं करणारं सरकारी केंद्र चालू झालं, दिवसाला दहा लाख गॅलनचं. १९६० मध्ये उत्तरेला रौदतैनला गोड्या भूजलाचा साठा सापडला, पण त्यावर वाढत्या शहराची तहान भागण्यासारखी नव्हती. त्यामुळं आजही कुवेतच्या नळाला येणारं जवळपास सगळं पाणी मूळचं समुद्राचं. वर्षानुवर्षं मुख्य पद्धत एकच राहिली: समुद्राचं पाणी तापवून वाफ करायची, ती थंड करायची, आणि अगदी निःसत्त्व झालेल्या त्या पाण्यात क्षारांपुरतं थोडं भूजल मिसळून जाळ्यात सोडायचं.

हे पाणी महाग पडतं. त्यासाठी तेल नाहीतर वायू जाळावा लागतो. पण घरी येणारं बिल वेगळीच गोष्ट सांगतं. घरगुती दर कित्येक दशकं हजार गॅलनला ८०० फिल्स इतकाच राहिला. हजार गॅलन म्हणजे साधारण साडेचार घनमीटर आणि ८०० फिल्स म्हणजे एक दिनारही नाही. बाकीचा खर्च सरकार सोसतं. माणशी रोजचा वापर चारशे लिटरच्या वर जातो, याचं नवल वाटायला नको. आणि जितकं पाणी नळातून येतं, त्यातलं बरंचसं मोरीत जातं.

पुढचा मुद्दा बहुतेक लेखांत एका वाक्यात उरकला जातो. मला तो कळीचा वाटतो. कुवेतमध्ये पाण्याची दोन जाळी आहेत. एक पिण्याच्या पाण्याचं, दुसरं मचूळ भूजलाचं. बागेला, अंगण-गाड्या धुवायला, बांधकामाला हे मचूळ पाणी वापरलं जातं. महागडं गोडं पाणी बागेत ओतू नये म्हणून केलेली ही सोय, आणि विचार चांगलाच होता. पण बागेला घातलेलं जादा पाणी जमिनीत मुरतं. फुटक्या नळांतून गळणारं पाणीही तिथंच जातं. वाळवंटातल्या शहरात, ऐकायला विचित्र वाटेल, पण भूजलाची पातळी वर चढत गेली. ते भूजल खारं. मलवाहिन्या त्याच्यात बुडालेल्या, आणि जुन्या सांध्यांतून ते आत पाझरणारच.

म्हणजे घराघरातून निघालेलं सांडपाणी केंद्रापर्यंत पोचेस्तोवर खारट झालेलं असतं. सुलैबियाच्या आराखड्यात येणाऱ्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेले एकूण क्षार, लिटरला सरासरी १,२८० मिलिग्रॅमच्या आसपास धरला होता. नेहमीची प्रक्रिया, म्हणजे जिवाणूंकरवी घाण खाऊन घ्यायची, गाळ निवळायचा, वाळूतून गाळायचं आणि क्लोरीन टाकायचं, यात मीठ कणभरही कमी होत नाही. जिवाणू मीठ खात नाहीत. असं पाणी वर्षानुवर्षं शेतात दिलं, वर उन्हानं ते उडत राहिलं, की मीठ जमिनीतच साचतं. खजूर ते सोसेल. काकडी, टोमॅटो, पालेभाजी नाही. सुलैबियात आरओ का बसवला, याचं पहिलं उत्तर हे आहे. ‘जगातलं मोठं’ म्हणवून घ्यायची हौस हे त्याचं कारण नव्हे.

मासे

ऑगस्ट-सप्टेंबर २००१ मध्ये कुवेतच्या उपसागरात मासे मरून किनाऱ्याला लागू लागले. बहुतेक बोय जातीचे. काही आठवड्यांत मेलेल्या माशांचं वजन अडीच हजार टनांच्या पुढं गेलं. तपासणीत ‘स्ट्रेप्टोकॉकस अगॅलॅक्टिए’ हा जिवाणू सापडला. पण हा जिवाणू एकटा आला नव्हता. पाणी नेहमीपेक्षा गरम होतं, वारा पडलेला होता आणि उथळ, संथ उपसागरात नत्र-स्फुरद भरपूर होतं. अभ्यासकांनी ज्या कारणांची सांगड घातली, त्यात जिवाणूचा आजार, शेवाळाची वाढ आणि सांडपाण्यासारख्या वाटांनी आलेल्या पोषकद्रव्यांनी पाण्याची बिघडलेली तब्येत, ही सगळी होती.

शहराचं मुख्य जुनं केंद्र होतं अर्दियाला, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीचं. लोकसंख्या वाढली, नळाचं पाणी वाढलं, आणि अर्दियाच्या टाक्यांना ते झेपेना. टाकीत पाणी जितका वेळ थांबायला हवं तितकं थांबत नसेल तर जिवाणूंचं काम अर्धवट राहतं, एवढं साधं गणित आहे. उरलेलं पाणी अर्थातच समुद्राकडं जायचं.

ज्या समुद्रात आपण हे सोडतो, त्याच समुद्रातून आपण पितो. आखाताकाठच्या वाळवंटी शहरांना हे कधी विसरून चालत नाही. २००८-०९ मध्ये याच आखातात खाली ओमान आणि अमिरातीच्या किनाऱ्याला लाल शेवाळाची लाट आली, आठ महिन्यांहून अधिक टिकली, आणि तिथली गोडं पाणी करणारी काही केंद्रं बंद ठेवावी लागली. अशा लाटेची कारणं अनेक असतात, पण शेवाळाला खायला घालणारं नत्र आणि स्फुरद त्यांत असतंच.

केंद्राच्या आत

सुलैबियाचा करार २००१ सालीच झाला. ‘बांधा, चालवा, हस्तांतरित करा’ या पद्धतीचा, तीस वर्षांचा. कुवेतच्या खराफी समूहानं आणि अमेरिकेच्या आयोनिक्स कंपनीनं मिळून हे काम घेतलं. दिवसाला ३,७५,००० घनमीटर ही सुरुवातीची क्षमता. पुढं ती ६,००,००० पर्यंत न्यायचं ठरलं. अर्दियाला आता फक्त पहिली चाळण होते: चिंध्या, प्लॅस्टिक, वाळू, तेलकट थर बाजूला काढायचा. तिथून पाणी सुमारे २५ किलोमीटर नळातून सुलैबियाला जातं.

सुलैबियात आधी नेहमीचीच जैविक प्रक्रिया. मोठ्या एरेशन टाक्यांत हवा फुंकली जाते, जिवाणू घाण खातात, मग गोल निवळण टाक्यांत गाळ खाली बसतो. इथवर जगातल्या कुठल्याही चांगल्या केंद्रासारखंच. पुढं डिस्क फिल्टर येतो, आणि त्यानंतर अल्ट्राफिल्ट्रेशन.

अल्ट्राफिल्ट्रेशनचा तंतू हातात घेतला तर शेवयासारखा दिसतो. पांढरा, पोकळ. आतली पोकळी मिलिमीटरपेक्षाही थोडी कमी. पाणी आतून ढकलायचं आणि भिंतीतून बाहेर झिरपू द्यायचं. भिंतीतली छिद्रं मायक्रॉनच्या पन्नासाव्या भागाच्या आसपास. सर्वसाधारण जिवाणू मायक्रॉनभराचा असतो, म्हणजे छिद्राच्या पन्नासपट मोठा. तो आत अडकतो. असे हजारो तंतू एका नळकांड्यात, आणि अशी हजारो नळकांडी ओळीनं लावलेली. दर थोड्या वेळानं उलट दिशेनं पाणी सोडून तंतू धुवावे लागतात, आणि अधूनमधून रसायनानंही. हे धुणं चुकलं की पुढची सगळी साखळी बिघडते. चालवणाऱ्यांची खरी कसोटी तिथं लागते.

मग आरओ. इथं छिद्रच नाही म्हटलं तरी चालेल. पातळ पडद्यांची पानं एका मधल्या नळीभोवती गुंडाळलेली, तसे वीस हजारांवर घटक. मीठ, विषाणू, नत्र, स्फुरद, औषधांचे बहुतेक अंश अलीकडं राहतात आणि पाणी पलीकडं जातं. बाहेर येणाऱ्या पाण्याचा टीडीएस लिटरला १०० मिलिग्रॅमच्या आत ठेवायचं बंधन होतं. पाणी इतकं मऊ होतं की त्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड काढून टाकावा लागतो, नाहीतर ते नळच खायला लागतं. शेवटी क्लोरीन.

हे समुद्राचं पाणी गोडं करण्यापेक्षा किती स्वस्त पडतं, ते पडद्यावरच्या दाबावरून कळतं. खाऱ्या पाण्यातून गोडं पाणी ढकलून काढायचं तर त्या मिठाच्या ओढीपेक्षा जास्त जोर लावावा लागतो. आखाताचं पाणी जगातल्या सरासरी समुद्रापेक्षा खारट, लिटरला ४५,००० मिलिग्रॅमपर्यंत जाणारं. त्याची ओढच तीस बारच्या वर (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका दाब), म्हणून पंप साठ-सत्तर बारनं दाबतात. सांडपाण्याचे १,२८० मिलिग्रॅम म्हणजे जेमतेम एक बार. तिथं दहा-पंधरा बारमध्ये भागतं. विजेत सांगायचं तर समुद्राच्या पाण्याला आरओनं घनमीटरमागे तीन-चार युनिट लागतात, प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याच्या आरओला एका युनिटच्या आसपास. आणि कुवेतचं बरंचसं पाणी तर आरओनंही नाही, वाफेनं गोडं होत आलंय, जे याहून खर्चिक. ज्या पाण्यावर एवढं तेल एकदा जाळून झालंय, ते पाणी एकदा वापरून समुद्राला परत द्यायचं, याला माझ्या मते काहीच समर्थन नाही.

पंधरा टक्क्यांचं काय

आरओला आलेल्या शंभर भागांतले साधारण पंच्याऐंशी भाग गोडे होऊन निघतात. म्हणजे ३,७५,००० मधले सुमारे ३,२०,००० घनमीटर वापरण्याजोगे. उरलेले पंचावन्न हजार घनमीटर रोज आखातात जातात. या उरलेल्या पाण्याचा खारटपणा लिटरला आठ-साडेआठ हजार मिलिग्रॅम असणार, म्हणजे समुद्राच्या पाचव्या हिश्श्याइतकाही नाही. त्यामुळं ‘मिठाचं प्रदूषण’ असा आरोप इथं टिकत नाही.

पण मीठ सोडून बाकीचं सगळंही त्याच पंधरा टक्क्यांत आलेलं असतं. जैविक टाकीतून सुटलेला स्फुरद, नत्र, औषधांचे अंश, सगळं साडेसहापट घट्ट होऊन. एकूण भार वाढत नाही हे खरं. आधी जे सगळ्या पाण्यातून जायचं तेच आता थोड्या पाण्यातून जातं, आणि अर्दियाच्या जुन्या दिवसांपेक्षा नक्कीच कमी. तरीही २००१ चे मासे डोळ्यांपुढं ठेवून विचार केला तर स्फुरद काढून घेण्याची पायरी इथं असायला हवी होती असं मला वाटतं. लोखंडाचे किंवा ॲल्युमिनियमचे क्षार टाकून तो गाळात बसवता येतो. त्याचा खर्च येतो, गाळ वाढतो. पण उथळ उपसागराच्या काठावर हा खर्च टाळण्याजोगा नाही.

मिश्रिफ

कुवेतची जमीन सपाट आहे. मलवाहिनीला उतार हवा, आणि सपाट जमिनीवर उतार धरत गेलं की नळ खोल खोल जातो. मग पंपानं पाणी वर उचलायचं, पुन्हा उतारानं न्यायचं, पुन्हा उचलायचं. शहर जितकं पसरेल तितकी पंपिंग स्टेशनं वाढतात. अनेक उपनगरांचं पाणी एखाद्या मोठ्या स्टेशनावर येऊन मिळतं. मिश्रिफ हे तसं स्टेशन होतं.

उन्हाळ्यातल्या लांब मलवाहिनीत काय होतं, तेही सांगायला हवं. पाणी तीस-पस्तीस अंशांचं, हवा नाही, उतार कमी म्हणून वेग कमी. तळाशी चिकटलेल्या थरातले जिवाणू पाण्यातलं सल्फेट वापरतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. खाऱ्या भूजलात सल्फेट मुबलक असतं. तो वायू नळाच्या छताला, जिथं ओल असते पण पाणी नसतं, तिथं पोचतो आणि दुसरे जिवाणू त्याचं गंधकाम्ल करतात. काँक्रीटचा हळूहळू मऊ, पांढरा लगदा होतो. नखानं खरवडला तरी निघेल असा. बागेसाठी घातलेल्या खाऱ्या पाण्याचा धागा इथवर येतो: त्यानंच सांडपाणी खारट केलं, त्यानंच नळ खाल्ले, आणि पंपिंग स्टेशनच्या तळघरात माणसाला मारू शकेल इतका वायू साठायला मदतही त्यानंच केली.

ऑगस्ट २००९ मध्ये मिश्रिफच्या स्टेशनात पाणी भरलं आणि पंप बंद पडले. असं झाल्यावर हातात किती पर्याय उरतात, याचा विचार करा. पिण्याचं पाणी बंद पडलं तर टाकीत साठा असतो, टँकर असतात, लोकांना दोन दिवस काटकसर करा म्हणता येतं. मैलापाण्याचा नळ बंद करता येत नाही. लाखो माणसं सकाळी उठणार, अंघोळ करणार, शौचाला जाणार. एक तर ते पाणी उलटं फिरून घराघरांच्या तळमजल्यावर वर येणार, नाहीतर जवळच्या वाटेनं समुद्रात सोडावं लागणार. ते समुद्रात सोडलं. किनारा, पोहणारे, मासेमार, सगळ्यांना त्याची झळ बसली. आणि मैल्यानं भरलेल्या, वायूनं कोंदलेल्या खोल इमारतीत माणूस उतरवणं जिवावरचं काम असल्यानं दुरुस्तीला घाई करता येत नव्हती.

कुवेत टॉवर्सच्या निळसर गोलांत मिळून ९,००० घनमीटर पिण्याचं पाणी मावतं. १९७९ साली ते लोकांसाठी खुले झाले, नोटांवर आले, देशाची ओळख झाले. मिश्रिफमधून समुद्रात जाणारं पाणी दिवसाला एक लाख घनमीटर धरलं, तर ते दोन्ही गोल अवघ्या दोन तासांत भरले असते. पिण्याच्या पाण्याचा राखीव साठा या देशानं फार जपून बांधला, आणि १९९०-९१ च्या आखाती युद्धाच्या अनुभवानंतर आणखीच. पण मैलापाण्यासाठी सहा तासांची राखीव टाकी, म्हणजे एका स्टेशनाला पंचवीसेक हजार घनमीटरची, जमिनीखाली बांधलेली, दुर्गंधी कोंडून ठेवणारी साधी काँक्रीटची टाकी, हा विचार त्या मानानं कुठंच दिसत नाही. सहा तासांत सगळं दुरुस्त झालं नसतं, हे मान्य. पण पर्यायी पंप जोडायला, पाणी दुसऱ्या वाहिनीकडं वळवायला ते सहा तास फार मोठे असतात.

कोणत्या व्हॉल्व्हनं, कोणाच्या चुकीनं हे झालं, यावर बरीच चर्चा झाली. मला ती दुय्यम वाटते. एवढं मोठं पाणी एका इमारतीवर अवलंबून होतं आणि तिला बगल देऊन जाणारी वाट समुद्राशिवाय दुसरी नव्हती, हा दोष आराखड्यातला आहे. व्हॉल्व्ह आज ना उद्या बिघडणारच असं धरूनच आराखडा करायचा असतो.

आणि इथं कराराकडं परत यावं लागतं. सुलैबियाचा करार बारकाईचा होता. येणारं पाणी कसं असेल, जाणारं कसं असलं पाहिजे, किती घनमीटरला किती पैसे, सगळं लिहिलेलं. शहरभरच्या मलवाहिन्या आणि पंप मात्र सार्वजनिक बांधकाम मंत्रालयाकडं, नेहमीच्या अंदाजपत्रकातून चालणारे. ज्याला मोजलं जातं ते नीट चालतं. मलवाहिनीच्या छताची किती मिलिमीटर झीज झाली, याचे पैसे कुणी कुणाला देत नव्हतं.

चांगलं पाणी, गिऱ्हाईक कमी

सुलैबियाचं पाणी तांत्रिक दृष्ट्या पिता येतं. कुवेत ते पीत नाही. नामिबियातल्या विंडहुकनं १९६८ पासून शुद्ध केलेलं सांडपाणी थेट पिण्याच्या जाळ्यात मिसळलंय, सिंगापूरनं २००३ पासून ‘न्यूवॉटर’ धरणांत सोडलंय. कुवेतला ते जमलं नाही, आणि त्यावरून कुवेतच्या लोकांना नावं ठेवणं मला पटत नाही. विंडहुककडं दुसरं पाणी नव्हतं. कुवेतकडं तेल आहे, आणि ८०० फिल्सला हजार गॅलन मिळतात. माणूस उगाच का मन बदलेल?

धर्माची अडचण असेल असं बाहेरचे लोक पटकन गृहीत धरतात. शेजारच्या सौदी अरेबियात १९७८ सालीच ज्येष्ठ उलेमांच्या परिषदेनं निर्णय दिला होता, की प्रक्रियेनंतर पाण्याचा रंग, वास आणि चव या तिन्हींतून अशुद्धीची खूण गेली असेल तर ते पाणी वुजूलाही चालतं. प्रार्थनेपूर्वी हातपाय धुवायला चालणारं पाणी शेताला न चालण्याचा प्रश्नच नाही. अडचण असते ती मनातल्या किळसेची, आणि ती दुसऱ्या स्वस्त पाण्याची सोय असली की टिकून राहते.

तेव्हा गिऱ्हाईक उरतं ते शेतीचं आणि रस्त्याकडेच्या झाडांचं. कुवेतची शेती मुख्यतः दोन टोकांना: उत्तरेला इराकच्या सीमेकडं अब्दली, दक्षिणेला सौदी सीमेकडं वफ्रा. दोन्ही राजधानीपासून शंभरेक किलोमीटर. तिथवर नळ, मधे साठवण, पंप, आणि शेतकऱ्याच्या बांधापर्यंत शाखा, हे सगळं उभं राहायला केंद्रापेक्षा जास्त वेळ लागतो. केंद्र रोज सारखंच पाणी देतं. पिकाची गरज उन्हाळ्यात चढते, थंडीत उतरते. साठवण नसेल तर थंडीत उरलेलं उत्तम पाणी पुन्हा समुद्राकडं जातं. एवढं करून काढलेलं पाणी आणि शेवट तोच.

शेतकऱ्याच्या बाजूनं आणखी एक गोष्ट आहे, जी आरओच्या कौतुकात राहून जाते. साध्या प्रक्रियेच्या पाण्यात नत्र आणि स्फुरद असतं, म्हणजे खत फुकट. आरओनं मिठाबरोबर तेही काढून घेतलं. शिवाय कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही गेलं, जे जमीन भुसभुशीत ठेवतं. चिकणमातीच्या जमिनीला असं निव्वळ मऊ पाणी सतत दिलं तर ती घट्ट होते, पाणी मुरेनासं होतं. कुवेतची जमीन वाळूची, त्यामुळं हा त्रास तिथं कमी. पण ज्यांना सुलैबियाची नक्कल दुसरीकडं करायची असेल, त्यांनी आधी माती तपासावी. माझ्या मते शेतीसाठी सगळं पाणी आरओतून काढायची गरजच नाही. अर्धं आरओचं आणि अर्धं नुसतं अल्ट्राफिल्ट्रेशनचं मिसळलं तरी टीडीएस सातशेच्या आसपास राहतो, रोगजंतू जातात, थोडं खत राहतं, आणि पडद्यांचं आयुष्यही वाढतं.

पुढच्या करारात काय असावं

तीस वर्षांची मुदत आता उताराला लागली आहे. केंद्र सरकारकडं परत येईल, किंवा नवा करार होईल. मी त्या टेबलावर असतो तर पडद्यांबद्दल फारसं बोललो नसतो. ते काम लोकांना येतं. पहिला आग्रह धरला असता तो मलवाहिन्यांच्या गळतीचा. खारं भूजल आत येणं निम्म्यानं कमी झालं तर येणाऱ्या पाण्याचा टीडीएस उतरेल, आरओवरचा ताण उतरेल, आणि गंधकाम्लानं नळ खाणंही मंदावेल. यासाठी दर वर्षी कॅमेरा फिरवून नळाची तपासणी करावी, आणि तिचे आकडे केंद्राच्या देयकाशी जोडावेत.

दुसरं, प्रत्येक मोठ्या पंपिंग स्टेशनाला बुडाली तरी चालेल अशा मोटरी, दोन स्वतंत्र आवक दारं, आणि काही तासांची राखीव टाकी.

तिसरं, हिवाळ्यातलं पाणी जमिनीत साठवणं. १९९१ मध्ये तेलविहिरींच्या आगीनंतर रौदतैन आणि उम्म अल-ऐश इथल्या गोड्या भूजलाला तेलाच्या तळ्यांनी आणि आग विझवायला आणलेल्या समुद्राच्या पाण्यानं मोठी इजा झाली. देशाचा तो एकमेव नैसर्गिक गोडा साठा. आरओचं जादा पाणी विहिरींतून योग्य भूस्तरांत सोडून ठेवायची कल्पना कुवेत इन्स्टिट्यूट फॉर सायंटिफिक रिसर्चच्या शास्त्रज्ञांनी बराच काळ अभ्यासली आहे. विहिरी चोंदू नयेत म्हणून पाणी अत्यंत स्वच्छ लागतं, आणि ते सुलैबियाकडं आहेच. समुद्रावर तेलाचा तवंग आला, लाल शेवाळ आलं, गोडं पाणी करणारी केंद्रं चार आठवडे थांबली, तर तेव्हा प्यायला लागणारं पाणी वाळूखाली असेल. ज्या लोकांना आज सांडपाण्याचं पाणी नको वाटतं, त्यांना वर्षानुवर्षं जमिनीत राहून, दगड-वाळूतून फिरून विहिरीतून वर आलेलं पाणी तितकं परकं वाटणार नाही.

आणि चौथं, त्या पंधरा टक्क्यांतला स्फुरद. तो उपसागरात जाऊ नये, एवढी एक ओळ करारात आकड्यासह हवी, आणि उन्हाळ्याच्या चार महिन्यांसाठी तो आकडा आणखी कडक.